फुकटच्या कोबीचा खर्च

अमेरिकेतल्या फूड बँकांचा आपापसांत एक बाजार चालतो आणि त्यात खरे पैसे वापरत नाहीत. फीडिंग अमेरिका ही त्यांची देशव्यापी संस्था. मोठ्या कंपन्यांनी दान केलेला माल तिच्याकडे येतो आणि तो कोणत्या फूड बँकेने उचलायचा हे २००५पासून बोली लावून ठरते. ज्या भागात गरजू जास्त, तिथल्या फूड बँकेला ‘शेअर’ नावाचे आभासी चलन जास्त. शिकागो विद्यापीठातल्या अर्थशास्त्रज्ञांच्या मदतीने ही रचना बसवली गेली. त्यांच्यापैकी कॅनिस प्रेंडरगास्ट यांनी पुढे या बाजारातल्या भावांचा अभ्यास मांडला, तेव्हा एक विचित्र गोष्ट समोर आली. एक पौंड न्याहारीच्या सीरियलसाठी फूड बँका एक पौंड ताज्या भाजीपाल्याच्या तिसाहून अधिक पट मोजत होत्या. काही मालाचा भाव तर शून्याच्याही खाली जाई, म्हणजे तो उचलणाऱ्यालाच वर शेअर मिळत.

गरिबांना भाजी नको होती, असा याचा अर्थ काढणे सोपे आहे आणि चूक आहे. बोली जिंकणाऱ्याला माल आपल्या खर्चाने न्यावा लागतो. सीरियलचे खोके साध्या ट्रकमधून येते, गोदामात महिनोन्‌महिने पडून राहते, कुणाला केव्हाही देता येते. कोबीला शीत ट्रक लागतो, शीतगृह लागते, निवडायला हात लागतात आणि आठवडा-दोन आठवड्यांत ती लोकांच्या घरी पोहोचावी लागते. शिवाय भाजी इतर ठिकाणांहूनही मिळते, सीरियल तसे मिळत नाही. म्हणून कोबीचा भाव शून्य. ती मिळवण्याचा खर्च मात्र शून्य नाही. अमेरिकेतली काही राज्य सरकारे गेली पंचवीस ते पस्तीस वर्षे फूड बँकांना ताज्या भाजी-फळांसाठी जे पैसे देत आली आहेत, ते या खर्चासाठी आहेत. अंदाजपत्रकात ते ‘अन्नासाठी’ म्हणून दिसतात. प्रत्यक्षात त्यातला बराच भाग तोडणीचा, पेटीचा आणि ट्रकचा असतो. हे ध्यानात घेतले की या योजनांचे यश आणि त्यांची दुर्दशा दोन्ही उलगडतात.

आधी एक खुलासा. फूड बँक म्हटल्यावर आपल्याकडे अन्नछत्र डोळ्यांसमोर येते. तिथे फूड बँक म्हणजे गोदाम. देशात अशी साधारण २०० गोदामे आहेत आणि त्यांच्याकडून माल घेऊन प्रत्यक्ष वाटणाऱ्या पॅन्ट्री, चर्चची स्वयंपाकघरे, निवारे मिळून सुमारे ६० हजार. रांग लागते ती पॅन्ट्रीपुढे. २०२३मध्ये अमेरिकेतल्या १३.५ टक्के कुटुंबांना पुरेशा अन्नाची शाश्वती नव्हती आणि त्या घरांत ४ कोटी ७४ लाख माणसे राहत होती, असे तिथल्या कृषी खात्याचा वार्षिक अहवाल सांगतो. हा अहवालच बंद करणार असल्याचे खात्याने सप्टेंबर २०२५मध्ये जाहीर केले. मोजणे थांबवले की प्रश्न थोडा कमी टोचतो, हे सगळ्याच सरकारांना ठाऊक असते.

गंमत अशी की या सगळ्या व्यवस्थेची सुरुवातच ताज्या फळांपासून झाली. अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल नावाचे निवृत्त गृहस्थ एका अन्नछत्रासाठी बागांमधली उरलेली संत्री-मोसंबी गोळा करत. फळे अन्नछत्राच्या गरजेपेक्षा जास्त झाली, तेव्हा ती साठवून इतरांना देण्यासाठी १९६७मध्ये सेंट मेरीज फूड बँक उभी राहिली. तिथल्या चर्चने ३ हजार डॉलर आणि एक बंद पडलेली बेकरी दिली. पुढे ही कल्पना देशभर पसरली आणि पसरताना बदलली. मोठ्या अन्नकंपन्या आणि सुपरमार्केट यांच्याकडचा चुकीच्या लेबलचा, दबलेल्या डब्यांचा, मुदत संपत आलेला माल हा मुख्य स्रोत झाला. दानावर करसवलत होती. १९९६च्या बिल इमर्सन कायद्याने सद्‌हेतूने अन्न देणाऱ्याला दाव्यांपासून संरक्षणही दिले. कारखान्यातला माल एका ठिकाणी, एकाच आकाराच्या खोक्यांत, फोन करून मिळतो. शेतातला माल तसा मिळत नाही. हळूहळू फूड बँक म्हणजे डबे, पास्ता, पीनट बटर आणि गोड बिस्किटे अशी ओळख झाली, आणि मधुमेहाने, रक्तदाबाने बेजार झालेली माणसे ते घेऊन घरी जाऊ लागली.

सरकारच्या बाजूची गोष्ट याहून जुनी आहे. १९३३मध्ये महामंदीत भाव टिकवण्यासाठी लाखो डुकरांची पिल्ले मारली गेली. एकीकडे पावासाठी रांगा आणि दुसरीकडे ही कत्तल, यावरून एवढा गदारोळ झाला की त्याच वर्षी उरलेला शेतमाल गरिबांना वाटण्यासाठी सरकारी महामंडळ काढावे लागले. १९३५च्या कायद्यातल्या बत्तिसाव्या कलमाने सीमाशुल्काच्या उत्पन्नाचा ३० टक्के हिस्सा शेतमालाच्या बाजारपेठेला आधार देण्यासाठी राखून ठेवला. ते कलम आजही लागू आहे. १९८१च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सरकारी गोदामांत साचलेले ३ कोटी पौंड चीज वाटायला काढले. त्यातून १९८३मध्ये आपत्कालीन अन्नसाह्याची केंद्रीय योजना आली, जी टेफॅप या लघुनावाने ओळखली जाते. ती तात्पुरती असणार होती. आज ती फूड बँकांच्या पुरवठ्याचा एक मुख्य खांब आहे. या सगळ्या इतिहासात एक सूत्र कायम राहिले. काय वाटायचे हे भुकेने ठरवले नाही, शेतात काय उरले यावरून ते ठरले.

राज्यांच्या योजना याच मुशीतल्या, पण त्यांनी एक फट हेरली. केंद्राचे कृषी खाते देशपातळीवर मोठी खरेदी करते. शेजारच्या तालुक्यात एखाद्या शेतकऱ्याकडे दोन ट्रक ढोबळी मिरची आकाराने लहान निघाली म्हणून पडून आहे, हे वॉशिंग्टनला दिसत नाही आणि दिसले तरी त्या आठवड्यात हालचाल होत नाही. असा माल शेतात का सडतो, याचे गणित सरळ आहे. तोडणीची मजुरी, पेटी आणि वाहतूक मिळून जेवढा खर्च, तेवढाही भाव मिळणार नसेल तर शेतकरी नांगर घालतो. दान करायची इच्छा असली तरी पदरचे पैसे घालून तोडणी करून देण्याइतके दातृत्व कुणाला परवडत नाही. मग फूड बँकेने त्याला पिकाची किंमत नव्हे, फक्त तोडणी आणि भरणीचा खर्च द्यायचा. पौंडामागे काही सेंट. शेतकऱ्याचा तोटा टळतो, मजुरांना काम मिळते, आणि दुकानात ज्या पैशांत एक पौंड भाजी येते त्यात फूड बँकेला कितीतरी पौंड मिळतात. कॅलिफोर्नियातल्या फूड बँकांच्या संघटनेची ‘फार्म टू फॅमिली’ योजना या पद्धतीवर चालते.

मिशिगनने उरलेल्या शेतमालाची योजना १९९०च्या सुमारास आणली. ओहायोने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ती उचलली आणि तिथे ती मूळ धरून राहिली. पेन्सिल्वेनियाची कहाणी मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे. तिथल्या विधिमंडळाने २०१०मध्ये राज्यातला उरलेला शेतमाल फूड बँकांपर्यंत नेण्याचा कायदा केला. कायदा झाला, योजनेला नाव मिळाले, आणि पैसे मिळाले नाहीत. पहिली तरतूद व्हायला २०१५ साल उजाडले. ती होती १० लाख डॉलर, त्या राज्याच्या अंदाजपत्रकात कुणाच्या नजरेत न भरणारी रक्कम. तरी तेवढ्यावर सफरचंद, बटाटे, मशरूम, दूध, अंडी असा माल हलू लागला. कोविडच्या महासाथीनंतर तरतूद वाढत गेली. फुकट माल आणि त्याला हलवायचा खर्च यांतले अंतर किती थोड्या पैशांत बुजते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. आणि तेवढे थोडे पैसे द्यायलाही पाच वर्षे लागतात, याचेही.

यात पक्षभेद फारसा आड येत नाही. ग्रामीण भागातल्या रिपब्लिकन आमदाराला ही शेतकऱ्याला मदत दिसते, शहरातल्या डेमोक्रॅट आमदाराला भुकेल्याला मदत दिसते आणि दोघेही एकाच कलमाला हात वर करतात. म्हणूनच जवळपास प्रत्येक राज्याने अट घातली की माल आपल्याच राज्यात पिकलेला हवा. राजकीयदृष्ट्या ही अट चिकटपट्टीचे काम करते. भूगोलाच्या दृष्टीने ती अडचणीची आहे. फेब्रुवारीत पेन्सिल्वेनियाच्या शेतांत बर्फ असते. त्याच महिन्यात मेक्सिकोतून अ‍ॅरिझोनातल्या नोगालेसच्या नाक्यावरून टोमॅटो, काकडी, मिरचीचे ट्रकच्या ट्रक आत येत असतात, आणि भाव पडला की चांगला माल तिथेच अडकतो. तो उचलून वाटणाऱ्या संस्था त्या सीमेवर आहेत. पण ईशान्येकडच्या राज्याचा डॉलर त्या टोमॅटोला हात लावू शकत नाही. हिवाळ्यात तो साठवणीच्या सफरचंदांवर आणि बटाट्यांवर खर्च होतो. मी ही अट पूर्ण काढून टाका असे म्हणणार नाही, कारण ती काढली तर तरतुदीचे अर्धे पाठीराखे नाहीसे होतील. पण ती अट पोषणासाठी घातली आहे, असे कुणी सांगू नये.

न्यूयॉर्कची योजना संकटातून जन्मली. एप्रिल २०२०मध्ये शाळा आणि हॉटेले बंद पडली, मोठ्या पिशव्यांत जाणाऱ्या दुधाला गिऱ्हाईक उरले नाही आणि राज्यातले दूध उत्पादक दूध ओतून देऊ लागले. त्याच आठवड्यांत फ्लोरिडात घेवडा आणि कोबीवर नांगर फिरत होता आणि फूड बँकांपुढे मोटारींच्या रांगा लागत होत्या. राज्याने अडीच कोटी डॉलर काढले आणि फूड बँकांना सांगितले की हे पैसे न्यूयॉर्कच्या शेतकऱ्यांकडून खरेदीसाठी वापरा. या योजनेचे नाव नरिश न्यूयॉर्क. नोव्हेंबर २०२१मध्ये राज्यपाल कॅथी होकुल यांनी ती कायद्याने कायम केली आणि वर्षाला सुमारे ५ कोटी डॉलरच्या घरात तिची तरतूद गेली. यात फूड बँका फक्त तोडणीखर्च देत नाहीत, खरेदी करतात. सफरचंदांत वॉशिंग्टन राज्याखालोखाल न्यूयॉर्कचा क्रम, कोबी भरपूर, दुग्धव्यवसाय मोठा, त्यामुळे घ्यायला माल असतोच. केंद्रानेही २०२०च्या मेमध्ये शेतमालाच्या खोक्यांची योजना आणली होती. १७ कोटींहून अधिक खोकी वाटली गेली, काहींत राष्ट्राध्यक्षांच्या सहीचे पत्रही होते. वर्षभरात ती गुंडाळली गेली. न्यूयॉर्कची टिकली, याचे श्रेय कायद्याला द्यायला हवे. पेन्सिल्वेनियात कायदा होता आणि पैसे नव्हते. न्यूयॉर्कमध्ये पैसे आधी आले, परिणाम दिसला आणि मग कायदा झाला. हा क्रम जास्त शहाणपणाचा वाटतो.

कॅलिफोर्नियाचा आकार वेगळाच आहे. देशातल्या भाज्यांचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक आणि फळे-सुक्या मेव्याचा तीन चतुर्थांशाहून अधिक वाटा हे एक राज्य पिकवते. तिथे माल नाही अशी तक्रार कुणीच करू शकत नाही. राज्याची कॅलफूड ही योजना फूड बँकांना राज्यात पिकलेले अन्न घेण्यासाठी, साठवण्यासाठी आणि वाहून नेण्यासाठी पैसे देते. तिची कायमची पायाभूत तरतूद वर्षाला ८० लाख डॉलर. महासाथीच्या काळात ती अनेक पटींनी वाढली, पण वाढ दर वेळी एका वर्षापुरती. त्यामुळे दर जानेवारीत राज्यपालांच्या प्रस्तावात आकडा पायावर घसरतो, दर उन्हाळ्यात फूड बँकांचे प्रतिनिधी राजधानी सॅक्रामेंटोच्या वाऱ्या करतात आणि विधिमंडळ तो पुन्हा वर चढवते. २०२५-२६साठी तो ८ कोटींवर गेला. हा तमाशा बाहेरून लोकशाहीसारखा दिसतो. पण ट्रक भाड्याने घ्यायचा की विकत, शीतगृह बांधायचे की नाही, शेतकऱ्याशी हंगामाआधी करार करायचा की उरलेल्याची वाट पाहायची, हे निर्णय एका वर्षाच्या पैशांवर घेता येत नाहीत. त्यात राज्याने २०१६च्या कायद्याने मोठ्या दुकानदारांना आणि घाऊक व्यापाऱ्यांना खाण्याजोगे उरलेले अन्न फेकू नका, द्या असे बंधन घातले. हेतू कचऱ्यातून निघणारा मिथेन कमी करण्याचा. दान वाढले, आणि ते निवडण्याचा, थंड ठेवण्याचा भार फूड बँकांवर पडला.

पैसे थेट न देता करसवलत देण्याचाही मार्ग आहे. कॅलिफोर्नियात ताजी फळे-भाज्या दान करणाऱ्या शेतकऱ्याला करातून वजावट मिळते. ओरेगन, आयोवा, कोलोरॅडो यांनीही असे कायदे केले. मला या मार्गाचा फारसा भरवसा वाटत नाही. माल जास्त उरतो ते वर्ष भाव पडल्याचे असते आणि भाव पडलेल्या वर्षी शेतकऱ्याचे करपात्र उत्पन्नच थोडे असते. ज्या वर्षी सवलतीची गरज, त्या वर्षी ती वापरायला कर नाही.

वरवर सारख्या दिसणाऱ्या या योजनांत दोन वेगळे विचार दडलेले आहेत. एक, उरलेले उचलणे. दुसरा, ठरवून घेणे. उरलेले उचलण्यात पौंडामागे खर्च कमी येतो, पण काय मिळेल आणि केव्हा, हे पिकाच्या हाती. एका आठवड्यात ट्रकभर भोपळे, दुसऱ्या आठवड्यात काहीच नाही. ठरवून घेण्यात पालक, टोमॅटो, कोथिंबीर, जे लोक खातात ते मागता येते, लहान शेतकऱ्याला आधी शब्द देता येतो. पण तो बाजारभाव मागतो. २०२१च्या अखेरीस केंद्राने दुसऱ्या विचाराला पहिल्यांदा मोठे बळ दिले. स्थानिक अन्नखरेदीची नवी योजना आली. पैसे केंद्राचे, करार राज्यांशी, आणि खरेदी शक्यतो आजवर बाजूला राहिलेल्या लहान शेतकऱ्यांकडून, आदिवासी जमातींकडून. तीन वर्षांत बऱ्याच राज्यांत शेतकऱ्यांनी त्या भरवशावर जादा लावण केली, कुणी पॉलिहाऊस उभे केले, कुणी थंड खोली बांधली. पुढच्या टप्प्यासाठी सुमारे ५० कोटी डॉलर जाहीर झाले होते. मार्च २०२५मध्ये नव्या प्रशासनाने तो टप्पा रद्द केला, आणि शाळांसाठीची तशीच ६६ कोटींची योजनाही. अमेरिकेच्या उत्तरेत मार्चमध्ये रोपे तयार व्हायला लागलेली असतात. पेन्सिल्वेनियाने आपल्या वाट्याच्या १ कोटी ३० लाख डॉलरसाठी आधी अपील केले आणि जूनमध्ये थेट खटला भरला.

शेतकऱ्याला शब्द देऊन फिरवण्याचा परिणाम एका हंगामापुरता राहत नाही. पुढच्या वेळी कुणी सरकारी खरेदीसाठी लावण करा म्हटले, तर तो शेतकरी हसेल. उरलेले उचलण्याच्या योजनेला निदान हा धोका नाही, कारण तिने कधी शब्दच दिलेला नसतो.

२०२५च्या शरद ऋतूने राज्यांची परीक्षा घेतली. १ ऑक्टोबरला केंद्र सरकारचे कामकाज ठप्प झाले आणि १ नोव्हेंबरपासून स्नॅपचे, म्हणजे सुमारे ४ कोटी २० लाख लोकांच्या अन्नसाह्याचे पैसे अडकले. राज्यपालांपुढे फूड बँका हा सर्वांत तयार मार्ग होता. कॅलिफोर्नियाने कॅलफूडचे ८ कोटी लवकर सोडले आणि फूड बँकांत हातभार लावायला नॅशनल गार्डचे जवान पाठवले. न्यूयॉर्कने काही दिवसांत कोट्यवधी डॉलरची तातडीची मदत जाहीर केली. ओहायोची तऱ्हा सगळ्यांत बोलकी होती. जूनअखेरीस मंजूर झालेल्या अंदाजपत्रकात तिथे फूड बँकांचे वर्षाला ७५ लाख डॉलर कापले गेले होते. चार महिन्यांनी राज्यपालांना तातडीच्या आदेशाने त्याच फूड बँकांसाठी ७० लाखांपर्यंत रक्कम काढावी लागली. पेन्सिल्वेनियात तर राज्याचे स्वतःचेच अंदाजपत्रक जुलैपासून रखडले होते, त्यामुळे राज्याचे अन्नखरेदीचे पैसेही अडकून पडले. केंद्राचा तिढा आणि राज्याचा तिढा दोन्ही १२ नोव्हेंबरला सुटले. मधल्या आठवड्यांत रांगेत उभ्या असलेल्याला कोणत्या सरकारने आपल्याला उपाशी ठेवले, हे कळायलाही मार्ग नव्हता.

तातडीच्या पैशांची आणखी एक खोड आहे. ते आले की जे लगेच मिळते ते घेतले जाते, आणि लगेच मिळतो तो डबाबंद माल. ताज्या भाजीसाठी थंड जागा, निवडणारी माणसे, पॅन्ट्रींचे वेळापत्रक आधीपासून जागेवर असावे लागते.

आता मोजमापाविषयी. या योजनांचे वार्षिक अहवाल पाहिले तर किती पौंड माल हलला, किती शेतकरी सामील झाले, किती काउंट्यांत पोहोचला हे सापडते. फूड बँकांच्या जगात १.२ पौंड म्हणजे एक जेवण, असा रूढ हिशेब आहे. त्या हिशेबाने कलिंगड हे फार यशस्वी फळ ठरते. मोठे, जड, बहुतांश पाणी, आणि ट्रक भरला की हजारो ‘जेवणे’. शेंगदाण्याचा एक पौंड आणि कलिंगडाचा एक पौंड यांत हा हिशेब फरक करत नाही. २०२०मध्ये पोषणतज्ज्ञांच्या एका गटाने फूड बँकांसाठी अन्नाची ‘नेहमी’, ‘अधूनमधून’, ‘क्वचित’ अशी तीन गटांत विभागणी करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि बऱ्याच फूड बँकांनी ती वापरायला घेतली. हे चांगले झाले. पण राज्यांच्या पैशांचा हिशेब अजून मुख्यतः वजनातच मागितला जातो. पोहोचलेल्या भाजीतली किती शिजली आणि किती पॅन्ट्रीमागच्या कचऱ्याच्या डब्यात गेली, हा प्रश्न अहवालात क्वचितच येतो.

त्याचे उत्तर शेतावर किंवा गोदामात मिळत नाही, साखळीच्या शेवटच्या टोकाला मिळते. बऱ्याचदा पॅन्ट्री ही एखाद्या चर्चच्या तळघरातली खोली असते, स्वयंसेवकांवर चालते, आठवड्यातून एक-दोन दिवस काही तास उघडते. तिच्याकडे घरगुती फ्रिज असतो. तिच्या दारात चाळीस पेट्या ब्रोकोली उतरवली तर ती संध्याकाळपर्यंत संपवावीच लागते. घेणाऱ्याकडे चूल आहे का, चाकू आहे का, तो मोटेलच्या खोलीत मायक्रोवेव्हवर दिवस काढतोय का, दोन पाळ्यांत काम करून त्याला शिजवायला वेळ आहे का, यावर त्या ब्रोकोलीचे नशीब ठरते. राज्यांचा पैसा शेताच्या बांधापासून फूड बँकेच्या गोदामापर्यंत बऱ्यापैकी पोहोचला आहे. गोदामापासून घरापर्यंत तो फारच तुटपुंजा आहे. पार्किंगमध्ये ट्रक उभा करून थेट वाटप करण्याची पद्धत याच कारणाने वाढली. माझ्या मते कोणत्याही राज्याने पुढचा डॉलर कोबीवर न घालता पॅन्ट्रींच्या मोठ्या फ्रिजवर घालावा. त्याचा फोटो तितका छान येत नाही, ही अडचण आहे.

मूळ हरकत मात्र याहून खोल आहे. समाजशास्त्रज्ञ जॅनेट पॉपेनडिक यांनी १९९८मध्ये ‘स्वीट चॅरिटी?’ या पुस्तकात मांडले की आपत्कालीन म्हणून उभी राहिलेली ही दानव्यवस्था सरकारला जबाबदारीतून सुटायची वाट करून देते. अँड्र्यू फिशर यांनी २०१७च्या ‘बिग हंगर’मध्ये फूड बँका आणि बड्या कंपन्या यांच्या साट्यालोट्यावर बोट ठेवले. कमी पगार देणाऱ्या कंपनीचा उरलेला माल तिच्याच कामगारांना दान म्हणून मिळतो, हा त्यातला बोचणारा भाग. आकड्यांचा अंदाज घ्यायचा तर फीडिंग अमेरिकाच सांगते की फूड बँकांच्या एका जेवणामागे स्नॅप नऊ जेवणे पुरवते. म्हणजे राज्याकडे भाजीसाठी पैसे असतील तर ते लोकांच्या स्नॅपच्या कार्डावर टाकावेत आणि भाजी त्यांनीच निवडावी, हे म्हणणे चुकीचे नाही. कॅलिफोर्नियाने तेही करून पाहिले. २०२३पासून निवडक दुकानांत आणि शेतकरी बाजारांत स्नॅपच्या कार्डाने भाजी-फळे घेतली की महिन्याला ६० डॉलरपर्यंत रक्कम परत जमा व्हायची. लोकांनी ते इतके वापरले की २०२४च्या वसंतात पैसे संपले आणि योजना काही महिने थांबली. लोकांना भाजी नको असते, या समजुतीला यापेक्षा चोख उत्तर नाही. पण हा मार्ग महाग आहे. कार्डावरचा डॉलर दुकानाच्या भावाने खर्च होतो, फूड बँकेतला डॉलर तोडणीच्या भावाने. दोन्ही लागतात. फक्त दुसऱ्याला पहिल्याची जागा देऊ नये.

मराठी वाचकाला हे गणित परके वाटू नये. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव तोडणी आणि क्रेटच्या खर्चाखाली गेला की शेतकरी प्लॉट सोडून देतो किंवा रोटाव्हेटर फिरवतो, तो याच हिशेबाने. आपल्याकडे सरकार नाशिकचा कांदा विकत घेते, पण शहरांतला भाव आवरण्यासाठी. रेशनवर मिळते ते मुख्यतः धान्य. गरिबाच्या ताटात भाजी जावी म्हणून राज्याचा पैसा थेट खर्च होतो अशी ठळक जागा म्हणजे २६ जानेवारी २०२०ला सुरू झालेली शिवभोजन थाळी. दहा रुपयांच्या त्या थाळीत दोन चपात्या, वरण, भात आणि एक वाटी भाजी, आणि शहरात थाळीमागे ४० रुपयांचे अनुदान. तिचा नारायणगावच्या सोडून दिलेल्या प्लॉटशी काही संबंध जोडलेला नाही. शेताची अडचण आणि ताटाची अडचण एका कलमात बांधण्याचा अमेरिकी राज्यांचा प्रयोग इथे कुणी कागदावर तरी मांडून पाहायला हरकत नाही, मात्र त्यातल्या खाचाखोचांसकट.

त्या प्रयोगावर पुढच्या दोन वर्षांत मोठे दडपण येणार आहे. जुलै २०२५च्या केंद्रीय कायद्याने स्नॅपमध्ये दहा वर्षांत सुमारे १८ हजार ६०० कोटी डॉलरची कपात होईल, असा संसदेच्या अंदाजपत्रक कार्यालयाचा अंदाज आहे. ऑक्टोबर २०२६पासून योजनेच्या प्रशासकीय खर्चातला राज्यांचा हिस्सा निम्म्यावरून ७५ टक्क्यांवर जातो. ऑक्टोबर २०२७पासून ज्या राज्यांत रकमा चुकीच्या देण्याचे प्रमाण ६ टक्के किंवा त्याहून जास्त आहे, त्यांना प्रत्यक्ष मदतीचाही ५ ते १५ टक्के वाटा उचलावा लागेल. २०२४चे देशभरातले सरासरी प्रमाण १० टक्क्यांच्या पुढे होते, म्हणजे बहुतेक राज्ये या जाळ्यात सापडतात. मोठ्या राज्यांसाठी हा बोजा वर्षाला कोट्यवधी डॉलरचा आहे. अशा वेळी अर्थखात्यातला माणूस यादी घेऊन बसतो आणि ज्या तरतुदीला कायद्याने हक्काचे स्वरूप नाही, जी एका वर्षापुरती आहे, तिच्यावर आधी रेघ ओढतो. ताज्या भाजीची तरतूद जवळपास सगळीकडे अशीच आहे. आणि स्नॅपमधून बाहेर पडलेले लोक त्याच महिन्यांत पॅन्ट्रीपुढे येतील.

या कात्रीतून सुटायला राज्यांना फार मोठी रक्कम लागणार नाही. तरतूद निदान दोन अंदाजपत्रकांपुरती बांधून द्यावी, तिचा ठरावीक हिस्सा शीतगृहांवर आणि पॅन्ट्रींच्या साधनांवर खर्च व्हावा, शेजारच्या राज्यांनी हिवाळ्यापुरती एकमेकांची भाजी चालवून घ्यावी, आणि हिशेब वजनाऐवजी घरोघरी पोहोचलेल्या भाजीत मागावा. यातली शेवटची दोन कलमे तर बिनपैशांची आहेत. तरीही सगळ्यांत जास्त विरोध त्या दोहोंनाच होईल असे दिसते. त्यांतल्या पहिल्याला शेतकऱ्यांचे आमदार नको म्हणतील. दुसऱ्याला खुद्द फूड बँका कां-कूं करतील, कारण पौंडांचा आकडा दरवर्षी वाढतो आणि देणगीदारांना तोच दाखवायची सवय झाली आहे.